गाडीतल्या देवाची शेजारती

दिवेआगरला जाऊन आलीस का, असं कोणी विचारलं की मी हो म्हणते. किनारा कसा आहे, असं विचारलं की मात्र अडखळते, कारण किनारा मी पाहिलाच नाही. एका संध्याकाळी वाडीपलीकडून समुद्राचा आवाज तेवढा ऐकला. बाकी सगळा वेळ माझं लक्ष गाडीच्या चावीवर होतं. तरीही हा प्रवास लिहायचा ठरवलाय. रायगडचा किनारा पाहिलेले पुष्कळ भेटतील, तो सबंध किनारा इंजिन बंद न करता पार करायची धडपड केलेली मी एकटीच असेन.

अलिबाग

आत्या दिवेआगरला असते. बाबांची थोरली बहीण. तिच्या डाव्या डोळ्यातला दाब वाढत चालला होता आणि उजवा आधीच अधू. अलिबागच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की शस्त्रक्रिया आता लांबवली तर आहे तेवढंही दिसायचं नाही. दोनदा दिवस ठरला आणि दोनदा आत्याने मोडला. पहिल्या वेळी ती घरातूनच निघाली नाही. दुसऱ्या वेळी तिच्या पुतण्याने काचा बंद असलेली एसी गाडी ठरवून दिली, तर ही बोर्लीच्या बाजारात मळमळतंय म्हणून उतरली आणि रिक्षाने घरी परत गेली. मळमळ हे निमित्त होतं. खरी भीती डोळ्याला सुरी लागण्याची होती.

शेवटी तिने फोनवर मला सांगितलं, "बाळूची गाडी घेऊन ये, मग येते." बाळू म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन आता वर्ष झालं. त्यांची गाडी आईकडे अलिबागलाच होती, अंगणात आंब्याखाली. शस्त्रक्रियेचे डॉक्टर मुंबईहून येतात, उद्या ते येणार होते आणि त्यानंतरचा फेरा केव्हा ते कोणी सांगू शकत नव्हतं. म्हणजे आज जायचं, रात्र तिथे काढायची आणि उद्या सकाळी दहाच्या आत आत्याला दवाखान्यात हजर करायचं. बाबांच्याच गाडीतून.

ही गाडी म्हणजे एक प्रकरण होतं. जुनी, पेट्रोलवाली, चार दारांपैकी तीनच बाहेरून उघडणारी. बाबांना गाडीत काही ना काही जोडायचा भारी नाद. भजनं ऐकायला मागच्या सीटखाली मोठा अँप्लिफायर, पुढे धुक्याचे दिवे, दोन जागी मोबाइलचे चार्जर आणि रिव्हर्स घेतली की वाजणारी एक रडकी धून. डॅशबोर्डवर पितळेचा इवलासा गणपती आणि त्याच्यापुढे वाटाण्याएवढा लाल दिवा. पंख्याचा नॉब तुटला होता, त्यामुळे पंखा सतत दोनवर चाले आणि चावी काढली की बंद होई. बाबा म्हणायचे, नॉब कशाला हवाय, चावी आहे ना.

मी डोंबिवलीहून आदल्या दिवशी आले होते. सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर बाजारातल्या दुकानाचा एक माणूस गाडीचं बॉनेट लावत होता. आई म्हणाली, बॅटरी पुसून घेतली. मला बरं वाटलं. आईला गाडीतलं काही कळत नाही, तरी काळजी आहे, असं मनात म्हटलं आणि निघालो.

काशीद

रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर रस्ता वर चढतो, मग खाली समुद्र दिसतो. पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं होतं. काशीदला आईला शहाळं प्यायचं होतं. सुरूच्या झाडांजवळ गाडी उभी केली, चावी काढली, खिशात टाकली. दोघी निवांत सावलीत बसलो. मलई खाऊन परत आले, दार उघडलं तर आत पंखा चालू.

आधी वाटलं, चावी नीट फिरवली नसेल. पण चावी माझ्या हातात होती. रेडिओचे आकडे उजळलेले, चार्जरचा निळा ठिपका लागलेला, मागे अँप्लिफायर गुणगुणतोय. पुन्हा चावी लावली, फिरवली, काढली. काही फरक नाही. सुरू करायला गेले तेव्हा इंजिन लांबलचक कण्हलं. दुसऱ्यांदा त्याहून लांब. तिसऱ्यांदा कसंबसं लागलं.

बाबांसोबत बॉनेटपाशी उभी राहून जे थोडंफार कळलं होतं त्यावरून एवढं समजत होतं की इंजिन चालू असेपर्यंत बॅटरी भरत राहते. बंद केलं की ही सगळी भुतं बॅटरी पिणार. बॅटरीची तार सोडवून ठेवावी म्हणून इंजिन चालू असतानाच पाना लावून नट तेवढा चाचपून पाहिला. खाऱ्या हवेने तो असा गंजला होता की फिरायच्या ऐवजी त्याचे कोपरेच झिजून गोल झाले. तो उपाय तिथेच संपला.

आईला म्हटलं, आता वाटेत उतरायचं नाही. एरवी काशीदपासून मुरुडपर्यंत ती प्रत्येक वळणावर हळू, हळू म्हणत असते. त्या दिवशी तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि समोर बघत बसली. मला वाटलं, घाबरली.

मुरुड

मुरुडच्या अलीकडे रस्त्याला लागून एक गॅरेज दिसलं. मालक पांढऱ्या दाढीचे चाचा, पानाने ओठ लाल झालेले. इंजिन चालू ठेवूनच त्यांना सगळं सांगितलं. चाचांनी डॅशखाली डोकं घातलं, एक काळी डबी उपटून तिच्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं आणि परत बसवली. पंखा चालूच. मग फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं, तर झाकणावरची चित्रं उन्हाने पार पुसून गेलेली. अंदाजाने एक फ्यूज काढला, तर रिव्हर्सची धून आपोआप वाजायला लागली. तो घाईघाईने परत लावला. तुमच्या वडिलांनी गाडीत आणि काय काय घातलंय, असं त्यांनी विचारलं. मी यादी सांगत गेले आणि ते हसत गेले.

त्यांचा निष्कर्ष असा की चावीच्या मागचं स्विच आतून जळलंय. ते बदलावं लागेल, या जुन्या गाडीचं स्विच पनवेलशिवाय मिळायचं नाही. तोवर काय करू, असं विचारलं तर म्हणाले, "बंदच नका करू. अल्लावर भरोसा ठेवा आन् उतारावर उभी करा."

भरवसा ठेवायला माझी हरकत नव्हती. पण पुढे आगरदांड्याला जंगार होती. खाडी ओलांडून दिघीला नेणाऱ्या त्या सपाट फेरीबोटीवर गाडी चढवली की इंजिन बंद करावंच लागतं, आणि बोटीत उतार नसतो. खाडीला मोठा वळसा घालून रस्ता आहे, पण तो घेतला तर आज पोचायला अंधार आणि उद्या पहाटे निघूनही दहा गाठणं कठीण. पोचलोच नाही तर आत्या काय म्हणेल ते मला पाठ होतं. बाळूची गाडी पण नको म्हणते, देवाच्याच मनात न्हाय. तिसऱ्यांदा मोडलेला दिवस तिने चौथ्यांदा ठरवला नसता.

आगरदांडा ते दिघी

जंगारीवर आमच्या मागे दोन मोठ्या गाड्या, एक मासळीचा टेम्पो आणि पाचसहा मोटरसायकली. आमची गाडी सगळ्यात पुढे, म्हणजे दिघीला सगळ्यात आधी आम्हीच उतरायचं. दोर सांभाळणाऱ्या कोळी दादाने काचेवर टकटक केली आणि इंजिन बंद करायला सांगितलं. मी अडचण सांगितली. त्याने मान हलवली. "धूर कोंडतो, ताई. माणसा हायेत. बंद करा."

बंद केलं. पंखा फिरत राहिला. राजपुरीची खाडी, डावीकडे हिरवे डोंगर, लांबवर पाण्यात जंजिऱ्याची तटबंदी, सगळे लोक फोटो काढायला कठड्याशी धावले. मी मात्र रेडिओच्या आकड्यांकडे बघत बसले होते. मध्यावर ते आकडे फिके पडू लागले. आईने हळूच विचारलं, "चालू होईल ना गं?" मी चिडून म्हटलं, मला काय विचारतेस, गाडीला विचार. तिने पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

दिघीला बोटीची उतरायची फळी पडली. चावी फिरवली तर नुसता टक् असा आवाज. पुन्हा टक्. मागून हॉर्न सुरू झाले. समोर धक्क्याचा चढ, मागे पाणी आणि मधे मी. कोळी दादाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग टेम्पोवाल्यांना हाक मारली. मोटरसायकलवाले उतरले, कोणी पर्यटकही आला. चढावर ढकलून गाडी सुरू होत नाही, ती फक्त वर न्यायची असते. ब्रेकवरचा पाय मी अगदी अलगद उचलत होते. एकदा चाक ओल्या शेवाळावरून मागे सरकलं आणि आईने माझा दंड असा धरला की तो संध्याकाळपर्यंत दुखत होता. वर गेल्यावर सपाटी, मग रस्त्याचा उतार. तिथे ढकलून दुसऱ्या गिअरला झटका दिला आणि इंजिन गुरगुरत जागं झालं.

धन्यवाद म्हणायला थांबण्याची सोय नव्हती. काच खाली करून हात तेवढा हलवला. आमच्याकडे डोंबिवलीत एवढ्या वेळात निम्मे लोक व्हिडिओ काढून मोकळे झाले असते. इथे कोणी खिशात हातही घातला नाही.

बोर्ली पंचतनच्या बाजारात आत्यासाठी मोसंबी घ्यायची होती. इंजिन चालू ठेवूनच आईला उतरवलं आणि मी बाजाराला तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला एक दुकानदार सरळ विचारता झाला की पत्ता हवाय का.

दिवेआगर

आत्याची वाडी रस्त्याच्या खालच्या अंगाला. वादळात निम्म्या सुपाऱ्या पडल्या, त्या जागी लावलेली झाडं आता कमरेच्या वर आली आहेत. अंगणाकडे उतरणारी वाट आहे, तिच्या डोक्यावर, उतारावर, गाडी उभी केली. चाकाला दगड लावला. इंजिन बंद केलं तेव्हा ऊन सुपारीच्या शेंड्यांवर गेलं होतं.

आत्या ओटीवरच बसली होती. नेसूचं चांगलं लुगडं, बाजूला बांधलेली पिशवी. निघायची तयारी तिने आदल्या दिवसापासूनच केली होती म्हणे. आईने वाकून नमस्कार केला. "वन्सं, तयार आहात ना," एवढंच बोलली. भिंतीला हात लावत, पायाने जमीन चाचपत आत्या सरळ गाडीकडे गेली. बॉनेटवर हात फिरवला, काचेवर फिरवला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. बाबांच्या शेजारी ती तिथेच बसायची.

मी बॉनेट उघडून त्या गंजलेल्या नटाशी पुन्हा झगडत होते. रात्रभर हे असंच चालू राहिलं तर सकाळी उतारही कामाचा नव्हता. इतकी मेलेली बॅटरी झटक्याने उठत नाही. तेवढ्यात आतून आत्याचा आवाज आला.

"बाय, गाडी बंद केलीस ना?"

"केली. पण सगळं चालूच राहतंय बघ."

"मगाधरनं समोर केवढं लाल वलय दिसतंय मला. परातीएवढं. काय पेटलंय?"

मी पाहिलं. गणपतीपुढचा तो वाटाण्याएवढा दिवा. आम्हाला उन्हात तो लागलेला आहे की नाही हेही कळलं नव्हतं. दुखऱ्या डोळ्याला मात्र प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. मी म्हटलं, बाबांचा दिवा आहे तो, पंखा राहतो तसा तोही राहतो.

"न्हाय. पंख्याचं मला सांगू नको," आत्या म्हणाली. "गेल्या खेपेला बाळू तुझ्या आईला सोडायला आला तवा ती भांडली होती त्याच्याशी. दिवा चावीबरोबर मालवतो म्हणून. देवाचा दिवा असा खटक्यासारखा विझवू नये म्हणाली. सुमन, आठवतंय ना?"

आई गाडीच्या दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाशी नेला. मग सगळं एकदम सांगितलं. बाबा गेले त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात ती या गाडीत येऊन बसली होती. चावी काढलेली होती आणि दिवा विझलेला होता. तेव्हापासून तो काळा ठिपका तिच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. आज सकाळी दुकानातला माणूस बॅटरी पुसायला आलाच नव्हता. वन्संना ऑपरेशनला नेताना हा दिवा विझता कामा नये, म्हणून तिने तो चावी काढली तरी जळेल असा करून घेतला होता. त्याने गाडीचं वाटोळं होईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. जंगारीवर मात्र तिला शंका आली होती. पण सांगितलं तर मी दिवा काढीन, म्हणून ती गप्प राहिली.

टॉर्च घेऊन डॅशखाली आडवी झाले. दिवा मुळात सिगरेटच्या लायटरच्या तारेवर होता, त्या तारेला चावीतून वीज मिळते. त्या माणसाने जुनी तार सोडवायची तसदी न घेता बॅटरीकडून आणलेली दुसरी तार तिलाच पिळून वर चिकटपट्टी लावली होती. पुढच्या दाराला कुलूप घालावं आणि मागचं दार सताड उघडं असावं, तसं झालं होतं. चावी काढली तरी बॅटरीची वीज दिव्याच्या तारेतून शिरून पंख्याला, रेडिओला, अँप्लिफायरला मिळत होती. एका दिव्यासाठी घेतलेल्या त्या बारीक तारेवर सगळ्यांचा भार होता. मी हात लावला आणि झटकन मागे घेतला. तार पोळत होती. तिचं आवरण मऊ होऊन बोटाला चिकटलं. सबंध रस्ताभर ती आमच्या पायांपाशी अशी तापत होती, हे आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

मी म्हटलं, आई, हे आत्ताच काढावं लागेल. पेट घेईल.

आईने मान हलवली. "तिन्हीसांज झालीये. घराघरांत दिवे लावायची वेळ, आणि मी देवाचा दिवा विझवू? उद्या यांच्या डोळ्याचं..." मला राग येत होता आणि रडूही येत होतं. अंधश्रद्धा, खुळचटपणा असले शब्द ओठांवर आले. पण आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते गिळले. भीती आईपुरती नव्हती. आत्याही दिव्याकडे टक लावून बसली होती आणि तिचा हात पिशवीच्या बंदावर घट्ट होता. तिने त्या क्षणी पिशवी उचलून आत नेली असती तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही.

"पोराला ताप आला तर तिन्हीसांजेला निजवत न्हाय का आपण?" आत्या म्हणाली. "तार तापलीय म्हणते ना ती. दिवसभर चालून दमलाय तो. आपल्या देवळात गुरव रोज शेजारती करतो, मग देवाला निजवतो. विझवत न्हाय कुणी. निजवतो. आज लवकर निजवू, उद्या लवकर उठायचं हाय त्याला."

ती आतून निरांजन आणायला सांगू लागली. मी आणलं, ओटीवरून काडेपेटीही आणली. आत्याने पुढच्या सीटवर बसूनच त्या पितळी गणपतीला ओवाळलं आणि शेजारतीच्या दोन ओळी म्हटल्या. आई दारातून टाळ्या वाजवत होती, मीही वाजवल्या. मागे अँप्लिफायर गुणगुणत होता आणि पंखा निरांजनाची ज्योत आडवी पाडत होता. मग आत्या म्हणाली, "सुमन, तूच काढ."

मी आईचा हात धरून खाली नेला आणि पदर गुंडाळून ती पिळलेली तार तिच्या मुठीत दिली. आईने डोळे मिटले आणि ओढली.

पंखा थांबला. गुणगुण थांबली. निरांजनाची ज्योत सरळ उभी राहिली. काशीद सोडल्यापासून पहिल्यांदाच गाडी गप्प झाली होती. तेव्हा वाडीपलीकडून समुद्राचा आवाज ऐकू आला. मघाशी म्हटलं तो हाच.

बॅटरीकडून आलेली तार मी बॉनेटखालून मुळापासून काढली आणि टोकाला पट्टी बांधली. नंतर तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि सोलकढी जेवलो. आत्याने दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं म्हणून पोटभर खाल्लं. आईने मात्र भाकरी चिवडली.

परत

उजाडायच्या आधी आत्या गाडीत बसली होती. आई मागे. मी चाकाचा दगड काढला. आत्या भूपाळी गुणगुणायला लागली आणि मी चावी अर्धी फिरवली. लाल दिवा लागला. "उठला," आत्या म्हणाली. पूर्ण फिरवली. इंजिन पुन्हा तसंच कण्हलं, थांबलं, आणि लागलं. उतार वापरावा लागला नाही. मागे आईने नाक ओढल्याचं ऐकलं, पण वळून पाहिलं नाही.

जंगारीवर तोच कोळी दादा होता. आम्हाला पाहून त्याने आधी टेम्पोवाल्यांना जवळ बोलावून ठेवलं. मी चावी काढली, सगळं बंद झालं, दिवाही. मी आरशात आईकडे पाहिलं. ती त्या काळ्या ठिपक्याकडेच बघत होती. पुढून आत्याने हात मागे केला आणि आईने तो धरला. आगरदांडा येईपर्यंत दोघींनी हात सोडले नाहीत. फळी पडली, गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली आणि कोळी दादा जरा हिरमुसल्यासारखा दिसला.

दहाच्या आत पोचलो. आत्या आत गेली. मी आणि आई बाकावर बसून राहिलो. आईने किती वेळा गाडीकडे जाऊन पाहिलं ते सांगत नाही. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले की नीट झालं, गेलेलं परत येणार नाही पण आहे ते राहील. आई तिथेच बाकावर ओणवी होऊन रडली.

आत्या पुढे तीन आठवडे अलिबागला आईकडे राहिली. मग मी पुन्हा आले आणि आम्ही तिघी त्याच रस्त्याने दिवेआगरला गेलो. काशीदला शहाळं प्यायलो, या वेळी इंजिन बंद करून. वाडीपाशी पोचलो तेव्हा तिन्हीसांज होत होती. गाडी थांबवली. आत्या समोर बघत राहिली. मला वाटलं, परत काही दुखतंय.

"वलय न्हाय दिसत आता," ती म्हणाली. "नुसता दिवा दिसतो. केवढा बारका हाय गं तो."

मागून आई पुढे वाकली. माझ्या खांद्यावरून हात घालून तिने स्वतःच चावी फिरवली आणि काढली.